डबा घासू नकोस

अक्कलकोट
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. संगमेशला शरणार्थ आणि पोटभर आशीर्वाद.

ऊट आय्ता? जेवलास का, हे मी दर पत्रात पहिल्या ओळीत विचारते. तू दर पत्रात सगळं लिहितोस, तेवढंच सोडून. एका शब्दाचं उत्तर आहे, आय्तु. घरचं कन्नड सोलापूरच्या पाण्यात वाहून गेलं की काय तुझं?

वरच्या पुडात शेंगाचटणी, मधल्यात भरलं वांगं, खाली चार भाकरी. पत्र नेहमीसारखं भाकरीच्या फडक्याखाली. तेलाचा डाग पडला तर वांग्याला बोल लाव, मला नको. घरचा फोन आमच्या अण्णांच्या, तुझ्या अप्पांच्या, खिशात असतो. तुझ्या मोबाइलवरचं सगळं इकडे त्यांच्या लॅपटॉपवर दिसतं, हे तूच सांगितलंस. तेव्हा आपली एसटी बरी. सकाळच्या गाडीनं डबा जातो, संध्याकाळच्या गाडीनं परत येतो, आणि निंगप्पा कंडक्टर दोन्ही वेळा न चुकता विचारतो, "आक्का, डाक्टर कवा होणार वो तुमचा?" मी म्हणते, "डबा पोचला की."

मागच्या डब्यातून पेरू आले. गोड होते. डबा रिकामा परत देऊ नये, चार दाणे साखरेचे का होईना टाकावेत, हे मी तुला लहानपणी शिकवलं होतं. तुझी आई गेली आणि त्याच वर्षी माझाही संसार संपून मी भावाच्या दारात आले, तेव्हा तू चार वर्षांचा होतास. तेव्हापासून मी तुला जे काही शिकवलं त्यातलं एवढं तरी तू ध्यानात ठेवलंस.

दुसऱ्या वर्षाचा निकाल कधी आहे? अण्णा रोज विचारतात. शाळेत आता ते तुझं नावसुद्धा घेत नाहीत, नुसतं "आमचे डॉक्टर" म्हणतात. हेडमास्तरांचा मुलगा म्हटल्यावर सगळा गाव कान देऊन असतो. पास झालास की आधी मला कळव, मग त्यांना. एक दिवस तरी मला त्यांच्या आधी माहीत असू दे.

तुझी आत्ती,
अक्कम्मा


सोलापूर
बुधवार, १२ नोव्हेंबर

ती. आत्तीस शरणार्थ.

डबा मिळाला. हे पत्र स्टँडवरच्या बाकावर बसून लिहितोय. गाडीला अजून अर्धा तास आहे. सकाळपासून एका जागी बसवत नाही. लेक्चरमधून उठलो, वॉर्डात गेलो, वॉर्डातून बाहेर पडून सात रस्त्यापर्यंत चालत गेलो. तिथे काही काम नव्हतं. चौकाला दोन चकरा मारल्या आणि परत आलो. मग डबा द्यायचा म्हणून इकडे.

तुला एक विचारायचं आहे. आमच्याकडे विद्यार्थ्यांची एक पाहणी चालू आहे. एक फॉर्म भरायचा, नाव लिहायचं नाही. लहानपणी घरात काय काय झालं आणि आता कसं वाटतं, असे प्रश्न. एक प्रश्न होता: तुम्हाला मुद्दाम उपाशी ठेवलं जायचं का? कधीच नाही, क्वचित, बऱ्याचदा, नेहमी. माझा रूममेट अमरेश पाच मिनिटांत सगळीकडे "कधीच नाही" करून चहाला गेला. मी पेन धरून बसलो. आपल्या घरात ज्वारीची पोती एकावर एक रचलेली असायची. उपाशी कसं म्हणायचं?

रुग्णाची माहिती लिहून घेताना आम्ही सगळ्यात वर लिहितो की माहिती कोणी सांगितली आणि ती भरवशाची वाटते का. माझी स्वतःबद्दलची माहिती मला भरवशाची वाटत नाही. मला एक ताट आठवतं. भरलेलं. ते माझ्यासमोरून जातं. मग अप्पांचा आवाज. एवढंच. हे खरंच व्हायचं, की मी कुठल्या दुसऱ्या मुलाचं ऐकलेलं माझं म्हणून धरून बसलोय? तू त्या घरात होतीस. म्हणून विचारतो.

शेवटचा प्रश्न होता, गेल्या वर्षात जगू नये असं वाटलं का. तो कोरा सोडला. वेळ संपली होती.

निकाल अजून नाही. दहावीला तू दिलेलं शाईचं पेन डब्यात ठेवलंय. इथे सगळं बॉलपेननेच लिहितात, पडून राहतं.

संगमेश


अक्कलकोट
रविवार, १६ नोव्हेंबर

चि. संगूला आशीर्वाद.

ऊट आय्ता? पुन्हा उत्तर नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं. असले फॉर्म कोण काढतं? घरोघरी मातीच्या चुली. कुणाच्या चुलीत काय जळलं ते कागदावर मागून घ्यायचं, आणि वर नाव लिहू नका म्हणायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती झाकलेलीच बरी.

तू जेवायला किरकिरा होतास. ताटावर तासतास बसायचास. मग ताट उचलावंच लागायचं की, माश्या बसायच्या. अण्णा कडक होते, नाही म्हणत नाही. पण कडक भाकरीच महिनाभर टिकते, मऊ भाकरीला दुसऱ्या दिवशी बुरशी येते. ते कडक नसते तर आज तू त्या पांढऱ्या कोटात असतास का, सांग बरं? त्यांच्या हाताखालची किती पोरं कुठल्या कुठे गेली. तुझ्यावर त्यांचा जीव होता म्हणून तुझ्यावर जास्त लक्ष.

आणि शेवटचा जो प्रश्न लिहिलास तो अगदी अशुभ. शिकलेली माणसं असलं छापतातच कशी? कोरा सोडलास ते छान केलंस.

पेन मिळालं. मी ते देव्हाऱ्याशेजारी ठेवलंय. माझी आठवण म्हणून मलाच परत पाठवतोस, वेडा कुठला. पण बरं वाटलं. आज पिठलं आहे आणि ठेचा. ठेचा जपून खा.

आत्ती


सोलापूर
बुधवार, २६ नोव्हेंबर

ती. आत्तीस शरणार्थ.

दोन डब्यांबरोबर पत्र नव्हतं, म्हणून रागावली असशील. लिहायला बसलो की उठावंसं वाटायचं. उठलो की कुठे जायचं ते कळायचं नाही. हॉस्टेलचा जिना मी रोज किती वेळा चढतो-उतरतो ते वॉचमन मोजत असेल.

तुझं उत्तर वाचलं. "माहिती भरवशाची वाटत नाही" असं लिहावं लागेल. रागावू नकोस, थट्टा करतोय.

परवा वॉर्डात एका बाईंनी त्यांच्या मुलाला दूधभात भरवला. मुलाला सलाइन लावलेलं होतं. तो एक घास घ्यायचा आणि तोंड फिरवायचा, बाई वाटी घेऊन त्या बाजूला जायच्या. मी तिथे नाडी बघायला गेलो होतो. मला ते बघवेना. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. सर म्हणाले, "काय डॉक्टर, चक्कर आली का?" सगळे हसले. मीही हसलो.

निकाल नाही अजून.

घड्याळ पाठवतोय. बारावीत पहिला आलो तेव्हा अप्पांनी घेतलेलं. मोबाइलवर वेळ दिसते, दोन कशाला. तुला भाकऱ्या वेळेवर टाकायला होईल.

संगमेश


अक्कलकोट
रविवार, ७ डिसेंबर

चि. संगूला लाख आशीर्वाद.

ऊट आय्ता?

घड्याळ मी हातात घातलं. पट्टा मोठा होतो, पण वच्छलाला दाखवायला म्हणून घातलंच. शेजारणीला म्हटलं, बघ, लोकांची मुलं शहरात गेली की आईबापाला विसरतात, आमचा संगू डबा कधी रिकामा पाठवत नाही. बुधवारी तुझा तो निळा स्वेटर आला. धुतलेला, नीट घडी घालून. गेल्या हिवाळ्यात मीच विणला होता, आता थंडीत तू काय घालणार? पण तू माझा विचार केलास. आणि डबा तर आरशासारखा घासून येतो. बाईलासुद्धा एवढा जमत नाही. चांगला नवरा होशील कुणाचा तरी.

एक काळजी आहे. अण्णा म्हणाले, दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाचा निकाल लागला म्हणे. तुमचं कॉलेज एकच. मग तुझा कसा राहिला? ते परवा शाळेतून आले ते तसेच खुर्चीत बसले, बूटसुद्धा काढले नाहीत. मी विषय काढला नाही. या घरात सोळा वर्षं मी विषय न काढता काढली आहेत, तेवढी विद्या माझ्याकडे आहे.

एकोणीस तारखेला अमावास्या, येळवस. शेतात पूजेला दगडांचे पांडव मांडायचे, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. एक दिवस येऊन जा. तुला बघून चार महिने झाले. नाहीच जमलं तर रविवारी डब्यातून पाठवीन, पण शेतात बसून खाण्याची चव डब्याला येत नाही.

आत्ती


सोलापूर
रविवार, २१ डिसेंबर

ती. आत्तीस शरणार्थ.

येळवसेचा डबा मिळाला. भज्जी छान झाली होती असं अमरेश म्हणाला.

निकाल नोव्हेंबरातच लागला. फार्मॅकॉलॉजीत नापास झालो. तुला आधी सांगायचं होतं, ते जमलं नाही. अप्पांना आता कोणीतरी सांगेलच.

डबा रिकामा पाठवायचा नाही, आणि आता माझ्याजवळ देण्यासारखं एवढंच उरलंय. इथे पूजा नीट होत नाही. तुझ्या देव्हाऱ्यात राहू दे.

तुझ्या भाकरी फार चांगल्या असायच्या. तुझी काही चूक नाही.

संगमेश


अक्कलकोट
रविवार, २८ डिसेंबर

संगू,

आज पहिल्या ओळीत काही विचारत नाही.

काल सोलापूरहून निघताना तू म्हणालास, त्या रविवारचं मला नीट आठवत नाही, लिहून दे. आणि तुझ्या डॉक्टर वैजयंती मॅडम म्हणाल्या, लहानपणचंही लिहा, खरं तेवढं लिहा. तेव्हा दोन्ही लिहिते. मला खरं लिहायची सवय नाही, वेळ लागेल.

निंगप्पानं संध्याकाळी डबा हातात दिला. आज काय पाठवलं म्हणून मी स्टँडवरच झाकण काढलं. वरच्या पुडात शिवदाराचा दोरा गुंडाळून ठेवलेला आणि त्यात चांदीची करडगी, इवलीशी डबी. तुझं इष्टलिंग. तू अकरा दिवसांचा होतास तेव्हा स्वामींनी गळ्यात बांधलेलं. आपल्यात ते अंगावरून उतरत नाही. माणूस जातो तेव्हा त्याच्या तळहातावर ठेवतात आणि त्याच्याबरोबर मातीत जातं. तेव्हा मला एकदम सगळं दिसलं. पेन दिसलं, घड्याळ दिसलं, स्वेटर दिसला. महिनाभर तू एकेक वस्तू वाटत होतास आणि मी वच्छलाला तुझे संस्कार दाखवत फिरत होते. माझ्याइतकी मूर्ख बाई या तालुक्यात नसेल.

तीच गाडी परत सोलापूरला निघत होती. निंगप्पाची ड्युटी संपली होती. त्यानं माझं तोंड बघितलं आणि म्हणाला, "आक्का, एकलीनं जाऊ नगा. म्या बी येतो." वाटेत त्याच्याच मोबाइलवरून तुला फोन लावला, तू उचलला नाहीस. मग तुमच्या हॉस्टेलचा नंबर त्यानं कुठूनसा काढला आणि अमरेशला गाठून सांगितलं, खोलीतून हलू नको, त्याला एकटा सोडू नको. त्या तासाभरात मी गाडीत किती वेळा उठले आणि बसले ते त्यालाच विचार. पुढच्या सीटवरच्या बाईनं शेवटी जागा बदलली.

वॉचमन म्हणाला, "पोरांचं हॉस्टेल हाय, बायांना वर सोडत न्हाय." मी म्हटलं, "मी बाई न्हाय, त्याची आत्ती हाय. सर बाजूला." तू कॉटवर बसला होतास. खोली झाडलेली. पुस्तकं सुतळीनं बांधलेली आणि प्रत्येक गठ्ठ्यावर खालच्या वर्गातल्या कुणाकुणाचं नाव. अमरेश दाराशी उभा होता, त्याला काहीच कळलेलं नव्हतं. बिचारा मला बघून म्हणाला, "आत्ती, तुमच्या डब्यानं माझं पाच किलो वजन वाढलंय." तेव्हा मला दुसरं कळलं. तू दिवाळीपासून माझं काही खाल्लेलं नाहीस. घासून चकचकीत डबा येत होता आणि मी त्या चकाकीत माझं तोंड बघत होते.

मग मी तुला विचारलं. फॉर्मवरचा जो प्रश्न मी अशुभ म्हटला होता तोच. "संगू, जीव द्यायचं मनात हाय का?" तू खाली बघून म्हणालास, "व्हय. लई दिवस झाले." मला वाटलं होतं असं विचारलं तर आभाळ कोसळेल. उलट तू पहिल्यांदा माझ्याकडे बघितलंस. आपण तिथून सरळ तुमच्याच दवाखान्यात गेलो. तू म्हणत होतास, सर बघतील, मुलं बघतील. मी म्हटलं, बघू देत, दवाखाना आजारी माणसांसाठीच असतो.

दुसऱ्या दिवशी वैजयंती मॅडमनी कागद पुढे घेतला आणि विचारलं, माहिती कोण सांगणार? मी म्हटलं, मी. तेव्हा जे तोंडानं सांगितलं ते आता लिहून देते.

संध्याकाळी मी तुझं ताट वाढायची. अण्णा शेजारी बसून तोंडी गणित घालायचे. उत्तर चुकलं की ते माझ्याकडे न बघताच म्हणायचे, "अक्के, ताट उचल." आणि मी उचलायची. पुढचं बरोबर आलं तर परत ठेवायची. कधी रात्री मिळायचं, कधी दुसऱ्या दिवशी दुपारी. एकदा दोन दिवस गेले. पट्टीचे वळ असायचे, त्यावर मी हळद लावायची. पण ताटाला त्यांनी कधी हात लावला नाही. संगू, तुला आठवणारं ताट खरं आहे. ते माझ्या हातानं जायचं.

आणखी एक. तू सात वर्षांचा होतास. मी पदराखाली भाकरी लपवून तुझ्याजवळ आणली. तू हात पुढे केला नाहीस. म्हणालास, "आत्ती, अजून बरूबर आलं न्हाय." भाकरी परत नेऊन मी फडक्यात ठेवली आणि झोपले. त्या वेळीच तुला उचलून कुठेतरी निघून जायला हवं होतं. मला जायला दुसरं दार नव्हतं. हे कारण खरं आहे आणि ते पुरत नाही.

अण्णांना मी निंगप्पाच्या मोबाइलवरून सांगितलं होतं की नात्यातल्या महेश्वरीकडे बाळंतपणाला जाते. तेही खोटं. तेही निस्तरीन.

तुझं लिंग माझ्याकडे आहे. रोज दोन्हींची पूजा करते, माझं आणि तुझं. ते माझ्याकडे फक्त ठेवायला आहे.

अक्कम्मा


सोलापूर
रविवार, ४ जानेवारी २०२६

आत्ती,

तुझं पत्र वाचून मी डबा अमरेशच्या कॉटखाली ढकलला. दोन दिवस तो तिथेच होता. वास यायला लागला तेव्हा त्याने फेकून दिलं.

मला तुझा राग आलाय. मॅडम म्हणतात, तिला लिही. म्हणून लिहितोय. अप्पांचा आवाज मला आठवायचा, तुझे हात मला आठवत नव्हते. मी ताटाला आपोआप उठून जायला लावलं होतं. कारण त्याला तुझे हात जोडले असते तर त्या घरात माझ्याकडे कोण उरलं असतं? सोळा वर्षं मी तुला त्या ताटापासून लांब ठेवलं. आणि नोव्हेंबरात मी सरळ विचारलं तेव्हा तू माश्यांचं कारण दिलंस. माश्या. तू त्या वेळी "व्हय" म्हणाली असतीस तर माझा महिना वाचला असता. कदाचित नसता. मला माहीत नाही.

तू आलीस हेही मला माहीत आहे. दोन्ही एकदम डोक्यात राहत नाही. एक आलं की दुसरं बाहेर जातं.

इकडचं सांगतो. गोळ्या चालू आहेत, तोंड कोरडं पडतं. आठवड्यातून दोनदा मॅडमकडे बसतो. फार्मॅकॉलॉजीची परीक्षा पुन्हा देता येते, त्याला वेळ आहे, आणि आत्ता तो विषय काढायचा नाही असं ठरलंय. गोळ्यांचाच विषय आणि गोळ्यांतच नापास, असं अमरेश म्हणाला. मी हसलो. खरं हसलो. मग तो रडला, म्हणाला, मी रोज तुझ्यासमोर बसून तुझं जेवत होतो. त्याला समजावण्यात माझा एक तास गेला. त्याने अप्पांच्या लॅपटॉपचं ते कनेक्शन तोडून टाकलं. आता फोन मोकळा आहे. पण मी फोन करणार नाही, लिहीनच. लिहिताना मध्ये थांबता येतं.

तो विचार गेलेला नाही. येतो, बसतो, उठून जातो. आला की अमरेशला किंवा मॅडमला सांगायचं. गुरुवारी आला होता. सांगितलं. आम्ही दोघं सात रस्त्यापर्यंत चालत गेलो आणि चहा पिऊन परत आलो. चौक तोच, पण बरोबर कोणी असलं की चकरा कमी पडतात.

डबा पाठवू नकोस असं लिहिणार होतो. झाकण काढलं की तुझे हात दिसतात. पण पाठव. खाईन असं वचन देत नाही.

संगमेश


अक्कलकोट
रविवार, ११ जानेवारी

चि. संगूला आशीर्वाद.

ऊट आय्ता? विचारायचा हक्क राहिलाय का ते माहीत नाही. तरी विचारते.

तू लिहिलेलं सगळं खरं आहे.  राग कमी कर असं म्हणणार नाही. तो तुझा आहे, लागेल तेवढे दिवस ठेव.

मी अण्णांना सांगितलं. मंगळवारी, जेवायच्या वेळी. आधी बाळंतपणाचं खोटं सांगितलं ते, मग तुझा निकाल, मग ते लिंग, मग दवाखाना. शेवटी ताटाचं. ते म्हणाले, "मी त्याला डॉक्टर केला." मी म्हटलं, "अजून झाला न्हाय तो. आधी जगू द्या की त्याला." सोळा वर्षांत मी त्यांच्यापुढे एवढं लांब वाक्य बोलले नव्हते. ते म्हणाले, आमच्या बापानं आम्हाला याच्या दुप्पट केलं. मी म्हटलं, "व्हय, मी बघितलंय. तवा ताट आई उचलायची." तसे ते उठून आत गेले. वाढलेलं ताट तसंच राहिलं.

माझा हात त्या ताटाकडे गेला होता. खोटं कशाला सांगू, उचलून न्यावं आणि म्हणावं, बरोबर उत्तर आलं की मिळेल. पण नाही उचललं. माझ्या हातून आता कुणाचंच ताट उचललं जायचं नाही. झाकून ठेवलं आणि झोपले. सकाळी बघते तर ताट घासून, पुसून फळीवर उभं. अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा भांडं घासलं. जेवून घासलं की टाकून देऊन घासलं, कळायला मार्ग नाही.  तेव्हापासून घरात दोन माणसं राहतात आणि दोघांना दुसऱ्याच्या चपलांचाच काय तो आवाज येतो. घराबाहेर काढतील असं एक दिवस वाटलं होतं. वच्छला म्हणाली, माझ्याकडे कडक भाकरीच्या कामाला ये. माझ्या हाताला तेवढं तर येतं. ती भीती मी आता मनात ठेवत नाही.

घासलेल्या भांड्यावरून मात्र माझा विश्वास उडाला. म्हणून आता नीट ऐक. आजपासून दोन डबे येतील. लाल झाकणाचा अमरेशचा, त्याला तोच द्यायचा. पोराला माझ्या हातची सवय लागली, त्यात त्याचा काय दोष. दुसरा तुझा. तुझा डबा घासू नकोस. धुऊही नकोस. जेवढं खाल्लंस तेवढं खाल्लंस, उरलेलं तसंच राहू दे आणि झाकण लावून पाठव. सगळं उरलं तर सगळं पाठव. मोठ्यांना उष्टा डबा पाठवू नये हे मीच शिकवलं होतं, ते विसर. डबा रिकामा देऊ नये हेही विसर. मला तुझ्याकडून वस्तू नको. चूक असो की बरोबर, जे असेल ते दिसू दे. खाल्लं नाहीस म्हणून मी काही म्हणणार नाही, आणि पुढचा डबा थांबणार नाही.

बुधवारी भोगीची भाजी पाठवते, एक दिवस शिळी असेल. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी त्याच दिवशी सकाळी टाकीन.

आत्ती


सोलापूर
बुधवार, १४ जानेवारी

ती. आत्तीस शरणार्थ.

गड्डा जत्रेच्या गर्दीमुळे गाडी आज तासभर उशिरा आली. स्टँडवर उभं राहायला जागा नव्हती. मी उभा राहिलो. मधेच परत जावंसं वाटलं, पण डबा येणार होता.

लाल झाकणाचा डबा अमरेशने घासलाय, कारण त्याच्या आईने त्याला शिकवलंय आणि तो तुझं ऐकत नाही म्हणतो. माझा तसाच आहे. चार भाकरी होत्या, अडीच खाल्ल्या. दीड परत येतेय. भाजी संपली, तळाला दोन शेंगा राहिल्यात त्या मला आवडत नाहीत, हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. पहिली भाकरी खाताना मी दाराकडे बघत होतो. दुसऱ्या भाकरीला अमरेश काहीतरी बोलत होता, तेव्हा विसरलो. मग आठवलं आणि अर्ध्यावर थांबलो. डबा झाकला. कोणी नेला नाही.

निंगप्पामामांना सांगितलं की आज डबा उष्टा आहे. ते म्हणाले, "उष्टा डबा आक्काच्या हातात दिऊ? मला मारतील की त्या." मी म्हटलं, नाही मारणार. त्यांनी डबा नाकाजवळ नेला आणि म्हणाले, "भोगीची भाजी हाय की वो."

राग अजून आहे. तरी येत्या रविवारी ये. लिंग डब्यातून पाठवू नकोस. तू घेऊन ये आणि तुझ्या हातानं बांध.

आणि तू दर पत्रात पहिल्या ओळीत जे विचारतेस, त्याचं आजचं उत्तर: आय्तु.

संगू